सेकंड ग्रेड: विंटर ब्रेकच्या आधीचा आठवडा बुडवला तर चालतो का? आणि वर्गात काय न्यायचं?

जर्सीकर_आई:
नमस्कार मंडळी. दोन-तीन प्रश्न आहेत, एकात एक अडकलेत म्हणून एकच धागा काढतेय.

लेक सेकंड ग्रेडला आहे, न्यू जर्सीत एडिसनच्या जवळ पब्लिक शाळा. विंटर ब्रेक २४ डिसेंबरपासून. यंदा पुण्याला जायचंय आणि २२-२३ ची तिकिटं बघितली की डोळे पांढरे होतात, तेच १६-१७ ची बघितली तर चौघांचं मिळून चांगलंच अंतर पडतंय. नवरा म्हणतो बुडव आठवडा, शेवटच्या आठवड्यात तसंही शाळेत काही होत नाही, नुसते कागदाचे स्नोफ्लेक कापतात, एक दिवस पायजमा घालून जातात आणि पिक्चर बघून कोको पितात. आणि खरं सांगायचं तर लेकीला विचारलं आज शाळेत काय केलं तर हल्ली रोज उत्तर येतं "वुई मेड अ स्नोमॅन", बर्फाचा पत्ता नाही बाहेर!

त्यात टीचरची ईमेल आली की शेवटच्या आठवड्यात जगभरातले हिवाळ्यातले सण असं काहीतरी आहे, ज्या पालकांना जमेल त्यांनी २० मिनिटं येऊन वर्गात काहीतरी करून दाखवा. मी लगेच हो कळवलं. आता दिवाळी तर होऊन गेली, डिसेंबरात आपला मोठा सण कुठला? मला संक्रांत सुचली, तिळाचे लाडू करून न्यायचे, गोड बोला सांगायचं, झालं. पण २० मिनिटं भरतील का त्यात? आणि हे करायचं तर मग तिकीट २३ चंच काढावं लागणार, म्हणजे घरात युद्ध.

जाता जाता तिसरं. गणित. ५२ वजा २७ करायला बसली की ही एक आडवी रेघ ओढते आणि त्याच्यावर उड्या मारत बसते, मी म्हटलं अगं हातचा घे आणि मोकळी हो तर रडायला लागली, टीचर म्हणाली नाही असं करायचं. अर्धं वर्ष संपत आलं तरी दोन अंकी वजाबाकी उड्या मारूनच? हे सगळीकडे असंच आहे का आमच्याच शाळेत?

मिसळ_डॅलस:
तिकिटाचं नंतर बोलू, आधी लाडू थांबव!!! तीळ शाळेत नेऊ नकोस. माझ्या धाकट्याला तिळाची अ‍ॅलर्जी आहे म्हणून मला हे पाठ झालंय. इथे २०२१ च्या कायद्याने तीळ नववा मोठा अ‍ॅलर्जन धरला गेलाय आणि १ जानेवारी २०२३ पासून पॅकबंद खाण्यावर तो लिहावाच लागतो. सगळ्यांना शेंगदाणा, काजू, बदाम माहीत असतात, तिळाकडे कोणाचं लक्ष जात नाही, आणि आपल्या लाडवात तर तीळ पण आणि दाण्याचं कूट पण, म्हणजे एका घासात दोन. बहुतेक शाळा घरी केलेलं काही आत येऊच देत नाहीत, दुकानातलं सीलबंद आणि लेबल असलेलंच लागतं. खाण्याचं काहीही न्यायचं असेल तर नर्सला आणि टीचरला आधी लिहून विचार. मी तर म्हणेन खाणं ठेवूच नकोस त्यात.

आता तिकीट. आम्ही मोठा दुसरीत असताना आठवडाभर आधी निघालो होतो. अभ्यासाचं काही बिघडलं नाही. पण वर्गाची पार्टी चुकली म्हणून विमानात दोहापर्यंत तोंड फुगवून बसला होता, आणि परत आल्यावर वर्गात भिंतीवर सगळ्यांची कागदी मिटन (बिनबोटांचे हातमोजे) लावलेली, याचंच नाही. ते मात्र अजून काढतो तो.

खरडवही:
काहीही फरक पडत नाही, जा बिनधास्त. दुसरीचं पोरगं आहे, मेडिकलची सीट नाही जाणार. आमच्या वेळी दिवाळीच्या सुट्टीत गृहपाठाची वही भरून आणायला लागायची आणि सुट्टीच्या शेवटच्या रात्री घरातले सगळे मिळून ती भरायचे, ह्या पोरांना तेवढंही नाही. कोको पितात म्हणे शाळेत.

खडूवाली:
मी सेंट्रल जर्सीतच पब्लिक शाळेत दुसरीला शिकवते, त्यामुळे हा धागा मला चुकवता येणार नाही :) लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

"शेवटच्या आठवड्यात काही होत नाही" हे मी दर डिसेंबरात ऐकते. खरं म्हणजे दिसतं तसं नसतं ते. त्या आठवड्यात पोरांना नवीन धडा शिकवायला बसलात तर एकही पोर जागेवर राहत नाही, त्यामुळे आम्ही नवीन काही सुरू करत नाही, झालेलंच वेगळ्या कपड्यात घालून परत आणतो. तुझी लेक रोज म्हणते ना स्नोमॅन केला, तर तो बहुतेक कागदावरचा स्नोमॅन आहे. दुसरीत लिखाणात "एखादी गोष्ट कशी करायची" हा एक प्रकार असतो, आधी काय, मग काय, नंतर काय, शेवटी काय, आणि डिसेंबरात जवळजवळ प्रत्येक टीचर त्याला स्नोमॅन लावते. माझ्या वर्गात एकाने लिहिलं होतं आधी बर्फ पडायची वाट बघा, मग वाट बघा, नंतर वाट बघा, शेवटी घरात जा. मी पूर्ण मार्क दिले, क्रम बरोबर होता.

कोकोचं पण तसंच. आदल्या दिवशी वर्गात विचारतात कोणाला मार्शमेलो हवं, कोणाला साधा, कोणाला क्रीम, कोणाला कोकोच नको, आणि त्याचा स्तंभालेख काढतात. चार गटांपर्यंतचा आलेख हा दुसरीच्या गणितातला भाग आहे, मग त्यावर प्रश्न, मार्शमेलोवाले क्रीमवाल्यांपेक्षा कितीने जास्त. कोणी कोणी वर्गात कोकोचं दुकान मांडतं, कप ३५ सेंटला, डाइम, निकेल, क्वार्टर मोजून द्या. नाणी मोजणं पण दुसरीतलंच. घड्याळ पाच-पाच मिनिटांनी वाचणं पण, म्हणून "पार्टी सुरू व्हायला किती वेळ आहे" हे त्या दिवशी दर दहा मिनिटांनी विचारलं जातं आणि मी भिंतीकडे बोट दाखवते. फक्त मुलं घरी येऊन सांगतात कोको प्यायलो, आलेख काढला असं कोण सांगणार.

स्नोफ्लेक बद्दल माझी स्वतःची एक कुरबुर आहे. कागदाची तीनदा अर्धी घडी घालून कापतात आणि आठ हातांचा तारा तयार होतो. बर्फाच्या स्फटिकाला सहा बाजू असतात, आठ नाही! एकदा अर्धी घडी, मग त्या अर्ध्याचे तीन सारखे भाग करून घडी, असं केलं तर बरोबर सहा येतात. मी मुद्दाम तसा करायला लावते, तीन सारखे भाग करताना पोरांचे हाल होतात पण तेच तर शिकायचं आहे, आकाराचे दोन, तीन, चार सारखे भाग करणं दुसरीतच येतं. सोबत व्हरमाँटच्या बेंटलीची गोष्ट सांगते, शेतकरी माणूस, १८८५ साली त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एका सुट्या हिमकणाचा फोटो काढला, मग जन्मभर पाच हजारांच्या वर काढले. पोरं त्यात गुंग होतात.

आता गैरहजेरी. आपल्या राज्यात शाळेच्या १० टक्के किंवा जास्त दिवस मूल आलं नाही तर ते सतत गैरहजर या यादीत जातं. १८० दिवसांचं वर्ष धर, म्हणजे १८ दिवस. तापाखोकल्याचे दिवसही त्यात धरतात, धार्मिक सणाची सुट्टी मात्र धरत नाहीत. तर एक आठवडा बुडवला म्हणून कोणी दारात येणार नाही, पण नोव्हेंबरात तापाने चार दिवस गेले असतील, परत येताना जेटलॅगचे दोन, आणि फेब्रुवारीत फ्लू, असं करत आकडा फुगतो. हिशोब करून ठरव. आणि प्रवासाला जाताना आधीच सगळा अभ्यास काढून द्या अशी अपेक्षा टीचरकडून करू नकोस, बऱ्याच शाळांचा तसा नियमच असतो की देत नाहीत.

हातच्याबद्दल: रडवू नकोस तिला. इथल्या अभ्यासक्रमात उभी मांडणी करून हातचा घेऊन करायची पद्धत चौथीपर्यंत पक्की व्हावी असं धरलंय. दुसरीत शंभरच्या आतली बेरीज-वजाबाकी पटापट यावी एवढं लागतं, पण ती दशक-एकक समजून. तिच्या उड्या अशा असतील बघ, २७ वरून ३० ला ३, ३० वरून ५० ला २०, ५० वरून ५२ ला २, एकूण २५. सुटे पैसे परत देताना आपल्याकडचा भाजीवाला अगदी असंच मोजतो. हातचा चुकीचा नाहीये, फक्त आत्ता घाईने शिकवला तर मुलं २ मधून ७ जात नाहीत म्हणून ७ मधून २ काढतात आणि ३५ लिहून मोकळी होतात, हे मी रोज बघते.

सणाचं नंतर लिहिते, पोळ्या लाटायच्यात.

जर्सीकर_आई:
बापरे, खडूवाली, इतकं कोणी शाळेत सांगत नाही गं. कोकोचा आलेख नवऱ्याला वाचून दाखवला, तो म्हणे बरं बरं. म्हणजे निम्मं युद्ध जिंकलं. आणि ३५ वालं अगदी खरं आहे, हिच्या वहीत तेच होतं!!

मिसळ, तिळाचं माहीतच नव्हतं, थँक्यू. लाडू रद्द. पण मग संक्रांतीत तीळ काढला तर उरलं काय? पतंग? २२ मुलं आहेत वर्गात, पतंग करायला बसलो तर डिंकाने चिकटतील एकमेकांना.

पंचांगकाका:
मुळात संक्रांतीला हिवाळ्यातला सण म्हणून नेताय तर एक खुलासा करून न्या. सूर्य उत्तरेकडे सरकायला लागतो तो २१-२२ डिसेंबरला, सर्वात लहान दिवस तो. मकर संक्रांत येते १४ जानेवारीला, कधी १५ ला. हे अंतर पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीमुळे, म्हणजे अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो त्यामुळे, पडलेलं आहे, साधारण ७२ वर्षांत एक दिवस या वेगाने. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकच होते. आपल्या पंचांगात निरयन गणना असल्याने...

जर्सीकर_आई:
काका, सात वर्षांची मुलं आहेत हो. अक्षाच्या गतीपर्यंत पोचायच्या आत कोणीतरी बाथरूमला जाऊ का विचारणार.

पंचांगकाका:
निदान एवढं सांगा की २१-२२ डिसेंबरपासून दिवस मोठा होत जाणार, म्हणून लोक खूश होतात. त्याला वय लागत नाही. शाळेच्या खिडकीतून साडेचारला अंधार दिसतो की त्यांनाही.

खडूवाली:
काकांना +१, हे एक वाक्य वर्गात फार छान बसेल. डिसेंबरातले निम्मे सण उजेडाचेच आहेत, ज्यूंच्या हनुकाच्या मेणबत्त्या, स्वीडनमध्ये १३ तारखेला लुसियाच्या सणाला मुली डोक्यावर दिवे घेऊन चालतात, त्यामुळे दिवाळी होऊन गेली असली तरी तू पणतीने सुरुवात केलीस तर कोणाला खटकणार नाही. बॅटरीवाली ने, खरी नको, अलार्म वाजेल.

एक गोष्ट लक्षात ठेव. पब्लिक शाळेत धर्माबद्दल माहिती द्यायला काही हरकत नाही, १९६३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालातही ते आहे, पण मुलांना धर्म पाळायला लावायचं नाही. म्हणजे आमच्याकडे दिवे लावतात असं सांग, फोटो दाखव, पण हात जोडायला, श्लोक म्हणायला लावू नकोस. मागे एका उत्साही पालकांनी सगळ्यांना टिळा लावायचा घाट घातला होता, टीचर घामाघूम.

आणि दहा फोटोंचं प्रेझेंटेशन करू नकोस प्लीज. तिसऱ्या स्लाइडला मुलं जमिनीवर आडवी होतात. हाताला काम दे. काय काम ते कोणीतरी सुचवा, माझं डोकं रिपोर्ट कार्डात आहे.

गुरुजी_माणदेश:
ताई, मी इकडे सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे, दुसरीचाच वर्ग आहे यंदा माझ्याकडं. आम्हाला तुमच्यासारखी विंटर ब्रेक नाही, मोठी सुट्टी दिवाळीची, ती संपली की नाताळला एक दिवस. डिसेंबरात आमच्याकडं क्रीडा स्पर्धा, गॅदरिंगची तयारी, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती त्याची भाषणं, त्यामुळं "या महिन्यात शिकवणं होत नाही" हे आम्हीपण ऐकतो, केंद्रप्रमुखांकडून ऐकतो एवढाच फरक. थंडी इतकी असते की पहिला तास पोरं वर्गात बसत नाहीत, मीच बाहेर मैदानात उन्हाला ओळ करून बसवतो आणि तिथंच पाढे, तिथंच वाचन.

तुमच्या कामासाठी सुचवतो. ठिपक्यांची रांगोळी न्या. रांगोळीच्या पुस्तकात वर लिहिलेलं असतं बघा, ५ ठिपके ५ ओळी. तेवढीच घ्या, मोठी नको. एवढ्यात गणिताचं किती निघतं सांगतो. आधी विचारा एकेक न मोजता ठिपके किती ते सांगा. पोरं ओळीनं जातात, ५, १०, १५, २०, २५. मग उभ्या ओळीनं मोजा, तेवढेच येतात, याचं काही पोरांना खरंच नवल वाटतं. मग दोनदोनच्या जोड्या लावा, एक ठिपका उरतो, म्हणजे संख्या विषम. दुसरी मांडणी करा १, ३, ५, ३, १ अशी शंकरपाळीसारखी, ठिपके १३ येतात, पुन्हा विषम. मग अर्धी रांगोळी तुम्ही काढून द्या आणि उरलेली अर्धी आरशात दिसते तशी पोरांनी पूर्ण करायची. आमच्या पोरी हे काम दोन मिनिटांत करतात कारण घरी दारात रोज बघतात. पोरं मागं राहतात, त्यांना पण बसवतो.

वजाबाकीचं म्हणाल तर मॅडमनी बरोबर सांगितलंय. आमच्याकडं निपुण भारत या सरकारी वाचन-गणिताच्या मोहिमेत दुसरीला ९९ पर्यंतची वजाबाकी धरलीय, तुमच्याइतकीच. आम्ही काड्या घेतो, दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून. ५२ म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. सात द्यायच्यात, दोनच आहेत, मग पोर स्वतःच विचारतं गुरुजी रबर काढू का. एवढं विचारलं की समजायचं याला हातचा कळला, मग पाटीवर कसा पण लिहू दे. सुट्टीत तुमची लेक पुण्यात आजीकडं येणारच आहे तर झाडूच्या काड्या आणि रबरं द्या हातात, आजोबांना सांगा पाटीला आठ दिवस हात लावायचा नाही.

खडूवाली:
गुरुजी, नमस्कार तुम्हाला! ताई हेच कर, दुसरा विचारच करू नकोस. इथे दुसरीत ५ ओळी ५ उभ्या रांगांपर्यंत मांडून एकूण काढायचं हे अक्षरशः असंच आहे, गुणाकार तिसरीत सुरू होतो त्याची ही तयारी. तुझ्या टीचरला तू जाण्याआधी एवढं एक वाक्य लिहून पाठव, बघ कशी खूश होते. विषम-सम पण २० च्या आतलं दुसरीतच आहे, त्यामुळे १३ वाली मांडणी जास्त बरोबर बसेल जोड्यांसाठी.

आणि काड्यांच्या गठ्ठ्यांना आम्ही इथे प्लास्टिकचे ठोकळे वापरतो, पण त्यातला दहाचा ठोकळा अखंड असतो, सुटत नाही, एक देऊन दहा सुटे बदलून घ्यावे लागतात. रबर काढण्यातली मजा त्यात नाही. जानेवारीत मी काड्याच आणणार आहे.

खरडवही:
वाचून मत बदललं असं म्हणणार नाही पण कोकोवाला आलेख मस्त आहे. आमच्या ऑफिसात पण काढा म्हणावं, वीकली मीटिंगला.

मिसळ_डॅलस:
रांगोळीची पावडर नेऊ नकोस मात्र. बारीक धूळ उडते, अस्थमावाली मुलं असतात, आणि कारपेटवर सांडली तर केअरटेकर शिव्या घालेल. काळा कन्स्ट्रक्शन पेपर आणि पांढरा खडू, बास. किंवा ऑइल पेस्टल, ते झटकलं जात नाही, घरी न्यायलाही बरं.

जर्सीकर_आई:
ठरलं! तिकीट २० चं, शनिवारचं काढलं. २३ पेक्षा स्वस्त, १७ पेक्षा महाग, आणि शाळेचे दोनच दिवस बुडतायत. टीचरला विचारून माझी वेळ गुरुवारी १८ ला दुपारी घेतली. सोमवारची पार्टी चुकणार म्हणून लेक नाराज आहे पण आईच वर्गात येणार यावर जरा मवाळ झालीये, वर अट घातलीये की मी तिला वर्गात "पिल्लू" म्हणायचं नाही.

क्रम असा धरलाय: पणती आणि काकांचं वाक्य दोन मिनिटं, घराबाहेर रांगोळी काढतात त्याचा एकच फोटो, मग ५ ठिपके ५ ओळी मोजणं, मग अर्धी रांगोळी पूर्ण करणं. जोड्यांचं वेळ उरला तर. खाणं काही नाही. गुरुजी, अर्धी रांगोळी किती सोपी ठेवू? इथल्या मुलांनी कधी बघितलेली नाहीये.

गुरुजी_माणदेश:
नुसत्या सरळ रेघांची ठेवा पहिली, चौकटीत चौकट. वळणाची नको, वळणात पोरं ठिपका चुकवतात आणि मग खोडत बसतात. दुसऱ्या कागदावर ज्याचं लवकर होईल त्याला कमळ द्या. मधली उभी रेघ ठळक मारून ठेवा म्हणजे आरसा कुठं धरायचा ते कळतं. पोरांना एक छोटा आरसा खरोखरीच फिरवायला दिलात तर फार बरं.

खडूवाली:
आणि ठिपके घरीच मारून ने सगळ्या कागदांवर, किंवा फोटोकॉपी काढ. मुलांना मारायला सांगितलेस तर ते वीस मिनिटं ठिपकेच मारत बसतील, आणि प्रत्येकाचे २५ च्या ऐवजी २७ निघतील. पाच-सहा कागद जास्तीचे ठेव, कोणीतरी फाडणारच. काचेचा आरसा नको, प्लास्टिकचा घे, डॉलर स्टोअरला मिळतो.